डॉक्टरांनी फाइल मिटल्यानंतर

मिरज हे डॉक्टरांचं गाव. सांगली-सोलापूरकडचे, खाली कर्नाटकातले पेशंट पहाटेच्या गाड्या धरून इथं येतात. त्यातल्या डोळ्यांच्या काही पेशंटांना संध्याकाळी परतताना एक वाक्य ऐकायला मिळतं: "नस सुकलीय. आहे तेवढी नजर जपा, गेलेली परत येणार नाही." वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरच असतं. काचबिंदूनं मारलेली नस कुठलंही ऑपरेशन जिवंत करू शकत नाही. पण मोतीबिंदू काढल्यावर शेजारची म्हातारी पुन्हा गहू निवडायला बसली हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे पटत नाही. ते दुसऱ्या दवाखान्यात जातात, मग पुण्याला, मग कुणीतरी सांगितलेल्या झाडपाल्याकडं. पैसे संपले की माणूस घरी येऊन बाजेवर बसतो. माझं काम तिथून सुरू होतं, आणि बहुतेक वेळा दोन-तीन वर्षं उशिरा सुरू होतं.

मी एका छोट्या संस्थेत कार्यकर्ती आहे. नजर गेलेल्या माणसांच्या घरी जायचं, त्यांना काठी घेऊन चालायला, स्वयंपाक करायला, फोन वापरायला शिकवायचं, आणि सोबत त्यांचे कागद पुरे करून द्यायचे. मिरज, तासगाव, कवठे महांकाळ, कधी जतपर्यंत. एसटीनं, आणि पुढं जे वाहन मिळेल त्यानं.

या कामात पडले तेव्हा वाटायचं, आपल्याकडं सोयीच नाहीत. तसं नाही. सोयी आहेत, पण त्या लहान मुलासाठी उभ्या राहिल्या. ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनी १९०० मध्ये मुंबईत सुरू केलेली शाळा आज दादरची कमला मेहता अंध शाळा म्हणून चालते. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल १९०२ ची. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं, १९५२ मध्ये मुंबईत 'नॅब' (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) आणि पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन निघाली. पुढं शाळा वाढल्या, वसतिगृहं झाली, शाळा संपवून बाहेर पडलेल्या मुलामुलींसाठी पुण्यात मीरा बडवे यांची 'निवांत' उभी राहिली, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून झेवियर्स रिसोर्स सेंटर आहे. परीक्षेला लेखनिक मिळतो, तासामागं वीस मिनिटं जादा मिळतात. जन्मतः दिसत नसलेल्या मुलाच्या आईला मी निदान पत्ता देऊ शकते. पण मला रोज भेटतो तो अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. तो कुठल्या शाळेत बसणार? त्याला नोकरीतलं आरक्षण काय कामाचं? त्याला फक्त परसातल्या संडासापर्यंत एकट्यानं जायचंय.

तासगावकडचे एक तात्या असेच. द्राक्षबागायतदार, काचबिंदू. घरचे म्हणाले, "बाग लेकानं घेतली बगायला. आता हेनी नुसतं बसून खायाचं." कुणाच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण दिवसभर बसून खाणाऱ्या माणसाला रात्री झोप येत नाही, आणि तात्या पाणी कमी प्यायला लागले होते. कारण त्यांनी मला सांगितलं नाही, त्यांच्या मालकिणीनं सांगितलं. पाणी प्यायलं की कुणालातरी हाक मारावी लागते.

तिथं पांढरी काठी आधी काढायचीच नसते. मी एक जाड नायलॉनची दोरी मागितली. दाराच्या चौकटीपासून संडासाच्या कडीपर्यंत, कमरेच्या उंचीवर ताणून बांधली. मध्ये बैल बांधायचा दगड होता तो हलवला. एवढ्यानं जे होतं ते कुठल्याही योजनेनं होत नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. तात्यांनी दोरीला हात लावला आणि म्हणाले, "ही तर मांडवाची तार झाली." मग कळलं की बागेत ते अजूनही जाऊ शकतील. द्राक्षाच्या ओळी सरळ असतात, तारा ताणलेल्या असतात, ओळ संपली की लोखंडी अँगल हाताला लागतो. डोळस माणसाला जी शिस्त फक्त बघायला बरी वाटते, ती त्यांच्यासाठी रस्ता होता. आठवड्याभरात ते ओळीतून ओळीत फिरायला लागले. मण्यांचा आकार बोटांना कळतो, तर विरळणीला उभ्या बायकांना ते सूचना द्यायला लागले. लेकाला ते फारसं आवडलं नाही, पण तो भाग निराळा.

काठी नंतर आली, आणि तिच्यावरून वाद झाला. चार घड्यांची, जमिनीपासून छातीच्या हाडापर्यंत येईल अशी. ती डावी-उजवीकडं टेकवत जायची; उजवा पाय पुढं पडतो तेव्हा काठीचं टोक डावीकडं, म्हणजे पुढचं पाऊल जिथं पडणार ती जागा तपासलेली असते. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या अमेरिकन सैनिकांना शिकवताना तयार झाली. तिथल्या इस्पितळाच्या फरशीवर ती छान चालत असेल. आमच्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात टोक रुततं, आणि बाजारपेठेत काठीला खालचं कळतं पण टपरीचा पत्रा थेट कपाळावर येतो. दिल्लीच्या आयआयटीत तयार झालेली 'स्मार्टकेन' असे वरचे अडथळे ध्वनिलहरींनी ओळखते आणि मुठीत थरथरते, पण ती प्रत्येकाच्या हातात कुठून येणार? म्हणून मी डांबरी रस्त्याची कड धरून चालणं आधी शिकवते. आणि घरच्यांना शिकवते की आंधळ्या माणसाला हाताला धरून ओढायचं नसतं. त्यानं आपला कोपर धरायचा आणि अर्धं पाऊल मागून यायचं. लोक काठीचं दुसरं टोक धरून ओढतात तेव्हा मला अजूनही राग येतो.

तात्या गावात काठी उघडायला तयार नव्हते. शेतकऱ्याच्या हातात काठी असतेच, त्यात लाज कसली? लाज पांढऱ्या रंगाची होती. "हातात घेतली की समद्यांस्नी कळतंय," ते म्हणाले. तोपर्यंत गावाला कळलेलं नाही, असं त्यांना खरंच वाटत होतं की काय, मला ठाऊक नाही.

आता कागदांचं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, आणि सवलतींचा उंबरठा ४० टक्क्यांचा. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा धड असला तर ३० टक्के. म्हणजे कागद मिळतो, सवलत मिळत नाही. त्याहून अवघड काचबिंदूवाल्यांचं आणि रातांधळेपणानं सुरू होणाऱ्या 'आरपी'वाल्यांचं (रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आजार). समोरचं अक्षर त्यांना वाचता येतं, बाजूचं सगळं गेलेलं असतं. चांगल्या डोळ्याचं दृष्टिक्षेत्र दहा अंशांच्या आत आलं की कायद्यानं ते अंधच. पण हा माणूस घड्याळ बघून वेळ सांगतो आणि दुसऱ्या क्षणी दाराच्या चौकटीवर आपटतो. गाव म्हणतं, ढोंग करतोय. एसटीत ७५ टक्के सवलतीचं कार्ड दाखवलं की कंडक्टर म्हणतो, "दिसतंय की तुम्हाला." सासरी अशा सुनेचं काय होतं ते लिहायला दुसरा लेख लागेल.

तात्यांकडं जुनं प्रमाणपत्र होतं, ते आता चालत नव्हतं. नवीन यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढायचं. ऑनलाइन अर्ज, मग सिव्हिलमध्ये ठरलेल्या वारी तपासणी. दृष्टिक्षेत्राची चाचणी करणारं यंत्र त्या दिवशी चालू असलं तर एका फेरीत, नाहीतर पुन्हा. कार्ड आलं. त्यावर पट्टी असते: ४० टक्क्यांच्या आत पांढरी, ४० पासून ८० च्या आत पिवळी, ८० आणि पुढं निळी. अंध माणसाची टक्केवारी रंगावरून ओळखायची ही कल्पना कुणाची, त्याला एकदा भेटायचंय.

कार्डापुढं संजय गांधी निराधार योजना, तिच्यासाठी तहसील, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, हे निम्म्या सरपंचांना माहीत असतं; ज्यांना माहीत असतं तिथं दिवाळीच्या आसपास थोडेथोडे पैसे वाटून निधी 'खर्ची' पडतो. त्याच पैशात पायऱ्यांच्या कडांना पिवळे पट्टे मारता येतील, चावडीपर्यंत कठडा घालता येईल. थोडी नजर उरलेल्या माणसाला त्या एका पट्ट्यानं पायरी सापडते. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यानं दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. मंत्रालयातलं काही गावच्या चावडीपर्यंत यायला किती वर्षं लागतात, ते आपण सगळे जाणतो.

पण तात्यांचा चेहरा कार्डानं बदलला नाही. त्यांना कुणाशीतरी बोलायचं होतं, आणि ते माझ्याशी बोलत नव्हते. मी डोळस.

आमच्यात एक निवृत्त मास्तर आहेत. लहानपणीच डोळे गेले, अंध शाळेत शिकले, संगीत शिकवून निवृत्त झाले. ब्रेल बोटांखालून पाण्यासारखं वाहतं. 'स्पर्शज्ञान' हे स्वागत थोरातांनी २००८ मध्ये सुरू केलेलं मराठी ब्रेल पाक्षिक ते मांडीवर घेऊन अंधारात वाचतात आणि वीज गेली म्हणून कुरकुरणाऱ्या घरच्यांना हसतात. सगळ्यांना वाटलं, तात्यांना भेटायला यांच्याहून योग्य माणूस कोण? भेट फसली. मास्तर सहज म्हणाले, "एवढं काय त्यात? मी साठ वर्षं असाच आहे." तात्या गप्प झाले. मास्तरांच्या हातून कधी काही गेलंच नव्हतं. नातवाचं तोंड धूसर होत होत एके दिवशी नाहीसं होणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. मास्तर मोठ्या मनाचे, परतताना एसटीत म्हणाले, "त्यांना माझ्यासारखा आंधळा नको. आक्कासारखा पाहिजे."

आक्का मिरजेच्या. साखरेनं पडदा गेला तेव्हा पन्नाशीच्या आत होत्या. लोकांना वाटतं आंधळा म्हणजे ब्रेल. पण मधुमेहानं बोटांच्या टोकांची जाणीवही जाते, मग ठिपके कुठून लागणार? तीच बोटं तव्यावर भाजली तरी कळत नाही. म्हणून आक्कांचा स्वयंपाक आम्ही बोटांवरून काढून कानांवर आणि नाकावर नेला. मोहरी तडतडायची थांबली की जिरं. भाकरीचा वास कच्चा असतो तोवर उलटायची नाही. तव्याशी हात नाही, चिमटा. मिठाच्या बरणीला एक रबरबँड, साखरेच्या बरणीला दोन, आणि साखरेची बरणी वरच्या फळीवर, का ते सांगायला नको. इन्सुलिनच्या पेनची चकती फिरवताना दर युनिटला 'टक्' होतं, ते मोजून त्या डोस लावतात. सून एकदा बघून घेते. त्या पाहुण्यांना पांढऱ्या बशीत भात वाढत नाहीत, स्टीलच्याच ताटात वाढतात. थोडी नजर असणाऱ्याला पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही हे त्या विसरलेल्या नाहीत, कारण मधली दोन वर्षं त्या स्वतः त्यातून गेल्या.

आक्कांनी तात्यांना फोन केला. काय बोलल्या ते दोघांनीही मला सांगितलं नाही. फोन लांबला एवढं तात्यांच्या मालकिणीकडून कळलं, आणि तात्या फोन ठेवून जेवायला बसले ते नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाऊन उठले. पुढच्या खेपेला त्यांनीच विचारलं, "ती बाई फोन वापरती कसा?"

फोन शिकवायला मला सगळ्यात जास्त आवडतं. अँड्रॉइडमधलं टॉकबॅक चालू केलं की बोटाखाली येईल ते फोन मराठीत वाचून दाखवतो. उजवीकडं सरकवलं की पुढचं, दोनदा टकटक केलं की उघडलं. कॉम्प्युटरवर हेच काम फुकटातलं एनव्हीडीए करतं. तरुण मुलं आवाजाचा वेग एवढा वाढवून ठेवतात की शेजारच्याला वाटतं रेडिओ बिघडला. तात्यांचा फोन कीर्तनकारासारखा सावकाश बोलतो. त्यांनी आधी शिकून घेतलं ते तासगावच्या बेदाण्याच्या सौद्याचे भाव ऐकणं. नंतर नोटा. नव्या मालिकेत दोनशेची नोट १४६ मिलिमीटर लांब आणि पाचशेची १५०. बाकी रुंदी सारखी. चार मिलिमीटरांवर माणसाची दिवसाची मजुरी अवलंबून. रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये 'मनी' नावाचं ॲप काढलं, नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किंमत बोलतं. दुकानात रांग असते तेव्हा ॲप कोण काढणार? म्हणून जुनीच युक्ती: पाचशेची उभी घडी, दोनशेची आडवी, शंभर बिनघडीची, आणि सुटे पैसे घेताना दुकानदाराला मोठ्यानं बोलायला लावायचं.

बँकेचं एक सांगायला हवं. एका बँकेत तात्यांना एटीएम कार्ड द्यायला साहेब तयार नव्हते. "तुमच्यासोबत मुलाचं जॉइंट खातं करा. उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?" रिझर्व्ह बँकेचं जून २००८ चं परिपत्रक आहे: चेकबुक, एटीएम, लॉकर, कुठलीही सोय दृष्टिहीन ग्राहकाला नाकारायची नाही. त्याची प्रत माझ्या पिशवीत कायम असते, कडा झिजलेली. ती काढली, साहेबांनी वाचली, कार्ड मिळालं. यात विजय वगैरे मानायचं काही नाही. माझ्याशिवाय तात्या गेले असते तर परत आले असते. आता ते परिपत्रक नजर गेलेल्या आमच्या माणसांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये आवाजी स्वरूपात आहे. मास्तरांनी खणखणीत आवाजात वाचलंय. गरज पडली तर साहेबांसमोर फोन ठेवायचा आणि लावायचं.

तो ग्रुप हीच आमची खरी संस्था, असं माझं मत होत चाललंय. नियम दोन: लिहायचं नाही, बोलायचं, आणि सुप्रभातची फुलं टाकायची नाहीत, कारण टॉकबॅक प्रत्येक फुलाला नुसतं 'इमेज' म्हणतं. तिथं जे विचारलं जातं ते कुठल्याही माहितीपुस्तिकेत नसतं. दाढी एकसारखी झाली हे कसं ओळखायचं. हयातीच्या दाखल्याला अंगठा उमटत नाही, काय करू. मिरज स्टेशनात दोन नंबरवरून बाहेर यायला जिना कुठून. रेल्वेत सोबत येणाऱ्याला सवलत मिळते का. लेकीच्या लग्नात हार कुणी धरायला सांगायचं. सुगम्य पुस्तकालयावर मराठी पुस्तकं कशी शोधायची. उत्तर द्यायला मी पोचायच्या आत कुणीतरी दिलेलं असतं, आणि बऱ्याचदा माझ्यापेक्षा बरं.

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही मिरजेत एका प्राथमिक शाळेच्या वर्गात जमतो. बाकं लहान मुलांची. साठीतली माणसं गुडघे छातीशी घेऊन बसतात आणि त्यावरून विनोद होतात. सोबत आलेल्या बायका, सुना, लेक यांना आम्ही मुद्दाम दुसऱ्या वर्गात बसवतो. एक तर त्यांनाही बोलायचं असतं. दुसरं म्हणजे त्या इथं असल्या की आपल्या माणसाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच देतात.

तरी लोक दोन-तीन वर्षं उशिराच येत होते. त्यावर उपाय एकच सुचला, तो म्हणजे फाइल मिटते त्याच खोलीत दुसरं काही उघडलं पाहिजे. मिरजेतल्या एका नेत्र रुग्णालयानं आमचं पत्रक ठेवायला लगेच होकार दिला. चकचकीत कागद, बारीक अक्षरं, काउंटरवर थप्पी. ज्याची नजर गेली त्याच्या हातात वाचायला कागद! पत्रक घेऊन कुणीही आलं नाही. मग तिथल्या समुपदेशक मुलीशी बोलले. ती म्हणाली, "पेशंटला मी काय सांगू? तो रडत असतो." मी म्हटलं, काहीच सांगू नकोस. आक्कांना फोन लाव आणि त्याच्या हातात दे. तिनं लावायला सुरुवात केली आणि मग नजर गेल्याच्या पंधरवड्यातच माणसं आमच्यापर्यंत यायला लागली. पंधरवडा आणि तीन वर्षं यात फरक काय, तर पंधरवड्याचा माणूस अजून चप्पल घालून उठतो. त्याला दोरी बांधायला सांगावं लागत नाही, काठी कुठं मिळते ते तो विचारतो.

दिवाळीनंतर त्या मुलीचं लग्न ठरलं, ती नोकरी सोडून गेली. नव्या मुलीच्या टेबलावर पुन्हा पत्रकांची थप्पी आहे, फोन बंद. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "अहो, माझ्याकडं एका पेशंटला चार मिनिटं असतात." खरंय त्यांचं. म्हणून सोमवारी त्या नव्या मुलीला भेटायला जायचंय. आक्का म्हणाल्या, मीही येते, तुम्ही डोळसांनी सांगितलेलं तिला पटायचं नाही. इन्सुलिनची वेळ साडेबाराची आहे, त्याआधी त्यांना घरी सोडायला हवं.